माउथ ऑर्गन आणि मायक्रोफोन

माउथ ऑर्गन हे वाद्य आपल्याकडे नवे नाही. जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानापासून चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणापर्यंत त्याचा सर्वत्र संचार आहे. १९६४ च्या ‘दोस्ती’ या चित्रपटातील माउथ ऑर्गन राहुलदेव बर्मन यांनी वाजविला होता. १९७५ च्या ‘शोले’मधील ती उदास धून भानू गुप्ता यांनी वाजविली आणि ती ज्याने ऐकली नाही असा माणूस विरळाच. या दोन्ही ठिकाणी कानांवर येणारा आवाज स्वच्छ, मोकळा आणि काहीसा दुरून आल्यासारखा आहे. वादक वाजवीत आहे आणि मायक्रोफोन ते निमूटपणे टिपून घेत आहे, इतकेच त्या दोघांमधील नाते. मायक्रोफोन जितका चांगला तितके त्याचे अस्तित्व कमी जाणवते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. आणि गायनाच्या किंवा भाषणाच्या बाबतीत तो बरोबरही आहे.

अमेरिकेतील ब्लूज संगीतात मात्र याच वाद्याचा अगदी वेगळा आवाज ऐकू येतो. तो जाड आणि खरखरीत असतो. कधी सॅक्सोफोनसारखा भरदार, तर कधी दाटून आलेल्या कंठासारखा वाटतो. तळहातात मावणाऱ्या दहा छिद्रांच्या वाद्यातून तो निघत असेल यावर प्रथम ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. आणि एका अर्थी त्याचे खरेही आहे, कारण हा आवाज एकट्या माउथ ऑर्गनचा नसतो. वादकाची ओंजळ, ओंजळीतला मायक्रोफोन आणि त्यामागचा ध्वनिवर्धक या तिघांनी मिळून तो घडविलेला असतो. म्हणूनच या वादनासाठी मायक्रोफोन निवडताना नेहमीचे निकष उपयोगी पडत नाहीत. पुष्कळदा ते दिशाभूलच करतात. असे का होते, आणि मग निवड कशी करावी, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

वाद्य आणि त्याची मींड

माउथ ऑर्गन हा आपल्या पेटीचा जवळचा नातलग होय. दोहोंमध्येही धातूच्या पातळ पत्त्या हवेच्या झोताने कंप पावतात आणि स्वर निर्माण करतात. जर्मनीतील ट्रॉसिंगेन या गावी माथियास होनर याने १८५७ मध्ये माउथ ऑर्गन बनविण्याचा व्यवसाय सुरू केला. पुढे ब्लूज वादकांनी आपलासा केलेला ‘मरीन बँड’ हा त्याच्या कारखान्यातील प्रकार १८९६ मधला. त्यात दहा छिद्रे आणि वीस पत्त्या असतात. प्रत्येक छिद्रामागील कप्प्यात एक पत्ती फुंकरीने वाजते, तर दुसरी श्वास आत ओढला असता वाजते.

पेटीवर मींड निघत नाही, हा तिच्यावरचा जुना आक्षेप आहे. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ मध्ये अंशतः उठली. त्या बंदीमागे हाही एक मुद्दा होता. माउथ ऑर्गनमध्ये मात्र एकाच कप्प्यात दोन पत्त्या शेजारी नांदत असल्यामुळे, जीभ आणि घसा यांची ठेवण बदलून स्वर खाली वाकविता येतो. पहिल्या सहा छिद्रांतील ओढलेल्या श्वासाचे स्वर कमीअधिक प्रमाणात असे वाकतात. याचा पुरेपूर लाभ मिळावा म्हणून ब्लूजचा वादक ‘सी’ पट्टीचे वाद्य ‘जी’ पट्टीत वाजवितो. आपल्या भाषेत सांगावयाचे तर वाद्याच्या पंचमाला तो षड्ज मानतो. त्यामुळे त्याचे महत्त्वाचे स्वर ओढलेल्या श्वासावर येतात आणि त्यांना गळ्यातल्यासारखी मुरड घालता येते. वाद्याचे हे वैशिष्ट्य मोठे खरे. पण त्याचा आवाज मात्र लहान. शेजारी गिटार वाजू लागली की तो दबून जातो.

शिकागोतील गोंगाट

१९१६ ते १९७० या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून सुमारे ६० लक्ष कृष्णवर्णीय माणसे उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेली. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून निघालेल्या अनेकांचे मुक्कामाचे ठिकाण शिकागो हे होते. त्यांच्याबरोबर त्यांचे ब्लूजही आले. खेड्यातील पडवीत जे गाणे सहज ऐकू जात असे ते शहरातील मद्यगृहांच्या कलकलाटात आणि मॅक्सवेल स्ट्रीटच्या उघड्या बाजारात ऐकू जाईना. गिटारवाल्यांनी विजेच्या गिटारी घेतल्या आणि माउथ ऑर्गन वाजविणाऱ्यापुढे मोठाच प्रश्न उभा राहिला. ऐकू येणे किंवा बाजूला होणे, एवढे दोनच मार्ग त्याला उरले होते.

स्नूकी प्रायर हा वादक सैन्यात बिगूल वाजवीत असे आणि तेथील ध्वनिक्षेपकावरून आपण माउथ ऑर्गनही वाजवू लागलो, असे तो पुढे सांगत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने तीच युक्ती मॅक्सवेल स्ट्रीटवर आणली. पण या युक्तीची कला केली ती मॅरियन वॉल्टर जेकब्स याने. ‘लिटल वॉल्टर’ या नावाने तो ओळखला जातो. लुइझियाना राज्यातील मार्क्सव्हिल येथे १९३० मध्ये जन्मलेला हा तरुण मडी वॉटर्स याच्या वाद्यवृंदात वाजवीत असे. १२ मे १९५२ रोजी त्याने ‘ज्यूक’ ही धून ध्वनिमुद्रित केली. शब्द नसलेली, केवळ माउथ ऑर्गनभोवती गुंफलेली ही धून कृष्णवर्णीय संगीताच्या ‘बिलबोर्ड’च्या यादीत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. १९६८ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, तो मरण पावला. पण त्याने दाखविलेल्या वाटेनेच पुढचे बहुतेक वादक गेले.

लिटल वॉल्टरचे वेगळेपण कशात होते? मायक्रोफोन आवाज मोठा करतो हे सर्वांनाच ठाऊक होते. तो हातात गच्च धरला असता आवाज बिघडतो, हेही ठाऊक होते. या बिघाडातून संगीत काढता येते, हे त्याने ओळखले. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या वादकांच्या हाती आलेले मायक्रोफोन त्यांच्यासाठी बनविलेले नव्हतेच. बिनतारी संदेश देणारे, गोदामातून घोषणा करणारे, हौशी रेडिओवाले यांच्यासाठी ते बनत. बोलणे स्पष्ट कळावे एवढाच त्यांचा हेतू. संगीताच्या दृष्टीने ते सुमार दर्जाचे. ते स्वस्त होते आणि मुठीत मावत होते, म्हणून ते वादकाने उचलले.

ओंजळीत काय घडते

माउथ ऑर्गन आणि मायक्रोफोन एकत्र धरून त्यांच्याभोवती दोन्ही हातांची ओंजळ मिटली की हवेचा एक लहानसा बंदिस्त कप्पा तयार होतो. एरवी खोलीभर पसरणारा आवाज त्यात कोंडला जातो आणि मायक्रोफोनच्या पटलावरील दाब अनेक पटींनी वाढतो. त्याचे तीन परिणाम होतात. पहिला असा की तीव्र, टोकदार नाद मंदावतात आणि मधले व खालचे नाद फुगतात. दुसरा परिणाम म्हणजे मायक्रोफोनला सोसवेल त्याहून अधिक दाब आल्यामुळे तो आवाज जसाच्या तसा पुढे न देता किंचित चेपून, खरखरीत करून देतो. तिसरा परिणाम असा की हळू आणि जोरात वाजविलेल्या स्वरांतील अंतर कमी होते. त्यामुळे हळुवार स्वरही ठसठशीत ऐकू येतात. ओंजळ उघडली की हे सारे ओसरते आणि वाद्याचा मूळचा तेजस्वी आवाज परत येतो. ओंजळ मिटणे आणि उघडणे हेच वादकाच्या हातातील सर्वांत मोठे साधन होय.

आता निवडीतील पहिला गैरसमज दूर करता येईल. दुकानात मायक्रोफोन घेताना आपण तो किती कंप्रतांना दाद देतो ते पाहतो, आणि पल्ला जितका मोठा तितका मायक्रोफोन उत्तम मानतो. ‘सी’ पट्टीच्या दहा छिद्री माउथ ऑर्गनचा सर्वांत खालचा स्वर सुमारे २६२ हर्ट्झचा आणि सर्वांत वरचा सुमारे २०९३ हर्ट्झचा असतो. शुअर या कंपनीचा ‘ग्रीन बुलेट’ म्हणून प्रसिद्ध असलेला हिरवा, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा मायक्रोफोन केवळ १०० ते ५००० हर्ट्झ एवढाच पल्ला सांभाळतो. गायकांचा आवडता, १९६६ पासून बनणारा त्याच कंपनीचा ‘एसएम ५८’ ५० ते १५,००० हर्ट्झपर्यंत जातो. कागदावर दुसरा श्रेष्ठ आहे यात शंका नाही. पण ब्लूजच्या वादकाला पाच हजारांच्या वरचे नाद फारसे नकोच असतात. कर्कशपणा आणि शिट्टी येते ती पुष्कळदा तेथूनच. ज्याला आपण दोष म्हणू तो येथे गुण ठरतो.

मायक्रोफोनचे प्रकार

या कामी मुख्यतः तीन प्रकारचे मायक्रोफोन वापरले जातात. पहिला स्फटिकाचा. काही स्फटिकांवर दाब पडला असता वीज निर्माण होते, हे झाक आणि प्येअर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले. या मायक्रोफोनांत रोशेल लवणाचा स्फटिक बसविलेला असतो. अ‍ॅस्टॅटिक कंपनीचा ‘जेटी-३०’ हा त्यांतील सर्वांत नावाजलेला. याचा आवाज झणझणीत आणि धारदार असतो. दुसरा प्रकार चुंबकीय. त्यात पटलाला जोडलेली लोखंडी पट्टी हलते आणि स्थिर वेटोळ्यात प्रवाह उत्पन्न होतो. ‘ग्रीन बुलेट’ मूळचा या जातीचा. याचा आवाज गडद आणि मांसल. तिसरा प्रकार म्हणजे सभासंमेलनांतून सर्वत्र दिसणारा डायनॅमिक मायक्रोफोन. यात वेटोळेच पटलाबरोबर चुंबकाच्या क्षेत्रात हलते. याचा आवाज अधिक स्वच्छ असतो. पण ओंजळ घट्ट असेल तर तोही पुरेसा भरदार होतो.

या तिघांतून निवड करताना आवाजाइतकाच हवामानाचाही विचार केला पाहिजे, आणि तो अमेरिकेतील पुस्तके वाचून करता येणार नाही. रोशेल लवण ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास विघटित होऊ लागते. फार कोरड्या हवेत त्यातील पाणी निघून जाते आणि फार दमट हवेत ते स्वतःच विरघळू लागते. रायपूरसारख्या शहरात मे महिन्यात सावलीतले तापमान ४४-४५ अंशांवर जाणे नवलाचे नाही. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत किंवा पत्र्याच्या छपराखालील माळ्यावर ते ५५ अंशांच्या पलीकडे सहज जाते. दोन महिन्यांत पाऊस सुरू होतो आणि हवा ओलीचिंब होते. स्फटिकाला न मानवणारी दोन्ही टोके एकाच वर्षात येथे भेटतात. मेलेला स्फटिक दुरुस्त करता येत नाही आणि तसे स्फटिक आता पूर्वीसारखे सर्रास मिळतही नाहीत. तेव्हा छत्तीसगड, विदर्भ किंवा कोकण येथील वादकाने जुना स्फटिकाचा मायक्रोफोन केवळ त्याच्या कीर्तीवर भुलून विकत घेऊ नये. चुंबकीय किंवा डायनॅमिक मायक्रोफोन त्याला अधिक वर्षे साथ देईल.

संरोध आणि ध्वनिवर्धक

मायक्रोफोन चांगला असूनही आवाज पातळ येतो, अशी तक्रार नवशिका वादक हमखास करतो. त्याचे कारण बहुधा संरोधाच्या विजोडीत असते. संरोध म्हणजे विजेच्या बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध. सभागृहातील डायनॅमिक मायक्रोफोनचा संरोध दीडशे ते तीनशे ओहमांच्या घरात असतो. गिटारच्या ध्वनिवर्धकाचे प्रवेशद्वार मात्र सुमारे दहा लक्ष ओहमांचे असते. असा मायक्रोफोन तेथे थेट जोडला तर आवाज क्षीण येतो. मध्ये जुळवणीचा लहानसा ट्रान्सफॉर्मर घातला की तो सुधारतो. स्फटिकाच्या मायक्रोफोनला दहा लक्ष ओहम किंवा त्याहूनही अधिक संरोधाचे प्रवेशद्वार लागते. ते कमी पडले तर खालचे नाद नाहीसे होतात आणि आवाज पत्र्यासारखा वाजतो. उच्च संरोधाच्या मायक्रोफोनची तार सहा मीटरांहून फार लांब असू नये. तारेतच आवाजाचा कस जातो.

ध्वनिवर्धकाच्या बाबतीतही मोठा तो चांगला हा नियम येथे चालत नाही. ब्लूज वादकांना व्हॉल्व्हचे, कमी शक्तीचे ध्वनिवर्धक प्रिय असतात. कारण ते लवकर दमतात आणि दमताना आवाजाला ऊबदार खरखर देतात. फेंडर कंपनीचा १९५९ चा, दहा इंची चार कर्ण्यांचा ‘बेसमन’ हा त्यांतील मानाचा. तोही बनला होता बास गिटारसाठी! गणेशोत्सवाच्या मंडपात जो अहुजासारखा ध्वनिवर्धक असतो त्याचे काम निराळे आहे. आलेला आवाज तो मोठा करील, त्याला रंग देणार नाही. म्हणून मोठ्या समुदायापुढे वाजविताना लहान ध्वनिवर्धक वादकाजवळ ठेवावा, त्याच्या कर्ण्यासमोर दुसरा मायक्रोफोन लावावा आणि तो आवाज मंडपाच्या यंत्रणेकडे सोपवावा. रंग लहान यंत्राचा आणि आवाका मोठ्या यंत्राचा, अशी ही वाटणी आहे.

शिट्टी आणि विजेचा धक्का

कर्ण्यातून निघालेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरला आणि प्रत्येक फेरीत वाढत गेला की कान फाडणारी शिट्टी सुरू होते. आपल्याला ती सभांतून परिचित आहे. ओंजळीतील मायक्रोफोनला तिचा धोका अधिक. गायकांचे मायक्रोफोन मागून येणारा आवाज टाळतात ते त्यांच्या जाळीच्या मागील बाजूस ठेवलेल्या वाटांमुळे. हाताने जाळी झाकली की त्या वाटा बंद होतात आणि मायक्रोफोन चहूकडचा आवाज घेऊ लागतो. उपाय साधे आहेत. कर्ण्याकडे मायक्रोफोनचे तोंड करू नये. वरचे नाद कमी करावेत. प्रथम ध्वनिवर्धकाची पातळी शिट्टी येईपर्यंत वाढवावी आणि मग ती निश्चितपणे थांबेल इतकी उतरवावी. मायक्रोफोनवरच आवाजाची खुंटी असेल तर ती फार सोयीची. वाजविणे थांबताच बोटाने आवाज मिटविता येतो. व्हॉल्व्हच्या यंत्रात पहिला व्हॉल्व्ह सुमारे १०० पट वाढ करणाऱ्या ‘१२एएक्स७’ऐवजी ४४ पटीच्या ‘१२एवाय७’चा घालण्याचीही रीत आहे. ते काम मात्र जाणकार तंत्रज्ञाकडूनच करवून घ्यावे, कारण यंत्र बंद केल्यावरही आत घातक विद्युत्‌दाब शिल्लक राहू शकतो.

यापुढची गोष्ट संगीताची नसून जिवाची आहे. या वादनात ओले ओठ, माउथ ऑर्गनची धातूची पट्टी, मायक्रोफोनचे धातूचे कवच आणि ध्वनिवर्धकाचा सांगाडा ही सारी एका साखळीत येतात. ध्वनिवर्धकाला नीट भूसंपर्क नसेल आणि आत कोठे गळती झाली, तर विजेचा धक्का थेट ओठांना बसतो. भाद्रपदातील ओल्या मैदानावर, ताडपत्रीखाली, अनवाणी उभ्या असलेल्या वादकाला तो प्राणघातक ठरू शकतो. म्हणून तीन टोकांचे प्लग असलेलेच यंत्र वापरावे. मांडवातील भूसंपर्क वायरमनकडून तपासून घ्यावा आणि ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा स्विच बसवावा. अमेरिकेतून आलेले यंत्र ११०-१२० व्होल्टचे असते. आपल्याकडील २३० व्होल्टवर ते थेट जोडू नये. माउथ ऑर्गन ओठांना लावण्यापूर्वी मायक्रोफोनच्या कवचाला टेस्टर लावून पाहण्याची सवय ज्याने लावून घेतली त्याने अर्धी सुरक्षितता साधली.

निवडीचा क्रम

एवढ्या विवेचनानंतर निवडीचा क्रम सांगणे सोपे आहे. प्रथम वाद्यावर हुकमत यावी. वाकविलेला स्वर मायक्रोफोनशिवाय सुरेल लागत नसेल, तर मायक्रोफोन तो सुरेल करणार नाही, उलट त्याचा बेसूरपणा शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवील. त्यानंतर ओंजळीचा सराव करावा. त्यासाठी काहीही विकत आणण्याची गरज नाही. स्वयंपाकघरातील एखादे फुलपात्र माउथ ऑर्गनमागे धरून हात मिटावे आणि उघडावे. आवाज गडद होणे आणि खुलणे ताबडतोब कळू लागते. तिसरी पायरी ध्वनिवर्धकाची, कारण मायक्रोफोनचा संरोध त्याला जुळावा लागतो. मायक्रोफोनची निवड सर्वांत शेवटी येते. त्या वेळी तो आपल्या हातात नीट मावतो काय, त्याच्याभोवती ओंजळ फट न राहता मिटते काय, पाच मिनिटे धरून मनगट दुखत नाही ना, आणि दुकानदाराच्या यंत्राऐवजी आपल्याच यंत्रावर तो कसा वाजतो, एवढे पाहावे. ‘ब्लूजसाठी खास’ अशी चिठ्ठी लावून दामदुप्पट किमतीला विकले जाणारे मायक्रोफोनही याच कसोट्यांना उतरले पाहिजेत.

वाजविताना माउथ ऑर्गन आणि मायक्रोफोनची जाळी यांत बोटभर अंतर ठेवावे. अगदी भिडविले तर टोकाची छिद्रे दबतात आणि मधलीच बोलतात. वादन संपल्यावर मायक्रोफोन कोरड्या फडक्याने पुसून उन्हापासून दूर, कोरड्या डब्यात ठेवावा. सभागृहातील साधा डायनॅमिक मायक्रोफोन आणि जुळवणीचा ट्रान्सफॉर्मर एवढ्यावर पहिले वर्ष उत्तम निघते. शिकागोच्या बाजारातील वादकांनी तरी दुसरे काय केले? दुसऱ्या कोणासाठी बनलेले, परवडेल ते साधन त्यांनी उचलले आणि त्यातून स्वतःचा आवाज निघेपर्यंत हात त्याच्याभोवती घडवीत राहिले.